दामले मास्तरांचं राहिलेलं पान

आमच्या कॉन्डोच्या स्विमिंग पूलभोवती दामले मास्तर रोज सकाळी फुलपात्रातून काळ्या मिठाचं कोमट पाणी पीत फिरायचे. एक फेरी, एक घोट. घोटागणिक तोंड असं वाकडं करायचे की पोहणारी मुलं लांब सरकायची. वॉचमन इथल्या इंग्रजीत म्हणायचा, "अंकल, हिअर नो ड्रिंकिंग लाह." मास्तर म्हणायचे, "धिस इज ट्रीटमेंट."

मास्तर पुण्यात जर्मन शिकवायचे. निवृत्तीनंतर भारत सोडून इथे मुलीकडे आले आणि एक जर्मन लघुकादंबरी मराठीत आणायला बसले. तिचा नायक आपल्या सरकारच्या तावडीतून निसटतो आणि परदेशात औषधी झऱ्यांच्या गावी येऊन लपतो. रोगी म्हणून खपून जावं, म्हणून तिथलं सडक्या अंड्याच्या वासाचं पाणी पितो. "चव कळल्याशिवाय शब्द कसा सापडणार?" हे मास्तरांचं पालुपद. म्हणून ते इथल्या लिटिल इंडियातल्या वाण्याकडून आणलेलं काळं मीठ.

एकदा मलाही बोलावलं. आमचे हे जाऊन बरीच वर्षं झालेली, आणि मी तेव्हा जेमतेम सहासष्टची, अल्लड. चक्क नारायणपेठ नेसून गेले. मास्तरांनी फुलपात्र पुढे केलं आणि गंभीरपणे विचारलं, "सुमतीबाई, याला उग्र म्हणाल की कुबट?" माझी प्रेमकथा त्या घोटातच आटोपली.

पण सवय लागली. बाकावर बसून ते एकेक पान वाचून दाखवायचे. शेवटचं तेवढं राहिलं आणि तिथे वर्षभर गाडी अडली. मुलगी म्हणायची, "बाबा, एकच पान हो, टाका ना संपवून." मीही टोचायची, "मास्तर, तुमचा पेशंट बरा झाला की नाही?"

"घाई काय आहे? हवा मानवतेय त्याला."

मग मुलीची नोकरी गेली, नोकरीवर मिळालेला राहण्याचा पास संपत आला, पुण्याला परतायचं ठरलं. टॅक्सीची वाट बघताना मी विचारलंच, "शेवटी त्याचं होतं काय?"

मास्तर म्हणाले, "गावकरी त्याला पोलिसांच्या हवाली करतात. हॉटेलची मालकीण स्वतः त्याची बॅग भरते." मग हळूच म्हणाले, "म्हणजे जर्मनमध्ये. मराठीत अजून नाही. चार वर्षं रोज भेटतोय हो मी त्याला. माझ्या हातानं कसा देऊ धरून?"

"मग नका देऊ."

"चालेल?" त्यांनी एखाद्या विद्यार्थ्यासारखं विचारलं.

"न चालायला काय झालं?"

त्यांचा चेहरा एकदम सैल झाला. तेवढ्यात मुलीनं हाक मारली, आणि ते गेले.

'नका देऊ', एवढंच तर मी म्हणायला हवं होतं. मी वर्षभर शेवट विचारत बसले.