तोंड बांधलेला जावई

सासुरवाडीला जाताना डुकरीण बरोबर न्यायची, असं किपाँगने ठरवलं तेव्हा त्यात काही वावगं नव्हतं. ती गाभण होती, घरी तिच्याकडे बघायला कोणी नव्हतं आणि किपाँगचा तिच्यावर बायकोपेक्षा जास्त जीव होता. (हे बायकोचं मत. किपाँगने ते कधी खोडलं नाही.)

खरं तर सासुरवाडी म्हटली की त्याला आधीच थकवा यायचा. न्यू गिनीच्या त्या डोंगरात सासरच्या माणसांचं नाव जावयाने तोंडातून काढायचं नाही, आणि नाव ज्या वस्तूचं असेल तो शब्दही नाही. चुकून निघाला तर दंड म्हणून डुक्कर द्यायचं. आता सासऱ्याचं नाव 'डुक्कर', सासूचं 'रताळं' आणि मेहुण्याचं 'कुंपण' असल्यावर शेतकरी माणसाने बोलायचं तरी काय? लोक अशा वेळी शेजारच्या खोऱ्यातल्या भाषेतून शब्द उसना आणतात. तिथे खोरं ओलांडलं की भाषा बदलते, त्यामुळे तुटवडा नव्हता. पण सासरा वस्ताद. बाजारात सगळ्यांना कळणारा डुकराचा शब्दही त्याने आपल्याच नावात जमा करून घेतला होता.

किपाँगने डुकरीण खुंटाला बांधली. सगळे आत रताळी भाजत बसले. थोड्या वेळाने तो बाहेर डोकावला तर खुंट उपटलेला, कुंपण मोडलेलं आणि डुकरीण सासूच्या मळ्यात! सासूच्या मळ्यात जावयाने पाऊल टाकायचं नाही, हा आणखी एक नियम. त्याने कडेवरूनच तिला हाका मारून पाहिल्या. रताळी सोडून कोण येतंय?

तो धावत दारात आला.

"मामा! ती... चार पायांची... आत घुसली!"

"कोण, तुझी आई?" सासरा म्हणाला. "दोन काठ्या टेकत आली असेल. बोलव की!"

"आई नाही हो! आपण आत्ता भाजतोय ना, ते खातेय ती!"

सासू जावयाशी थेट बोलत नसे. ती लेकीला म्हणाली, "सांग तुझ्या नवऱ्याला, विहिणीला उपाशी ठेवायची आमच्याकडे पद्धत नाही. खाऊ दे पोटभर."

"अहो, आई आल्यात आणि तुम्ही ओरडताय काय?" बायको करवादली.

किपाँगने नदीपलीकडच्यांचा शब्द वापरला. मग खालच्या खोऱ्यातला. मग मिठाच्या व्यापाऱ्यांकडून शिकलेला. तिघांनाही त्यातला एकही कळला नाही. शेवटी त्याने हात पसरून, पाय फाकवून डुकरासारखं घुरघुरायला सुरुवात केली. सासऱ्याच्या भुवया चढल्या तेव्हा त्याच्या लक्षात आलं की हे तर सासऱ्याचं नाव घेण्यापेक्षा वाईट, आणि त्याने घुरघुर अर्ध्यावर गिळली.

"वारं लागलंय याला," सासरा हळहळला. "आल्याचा काढा टाक गं."

किपाँग रडकुंडीला आला. एक शब्द, फक्त एक! पण तो उच्चारला की लाडकी डुकरीण दंडात जाणार. त्याने ओठ घट्ट मिटले आणि दारातच दोन्ही हात हलवत राहिला.

काढा उकळेपर्यंत डुकरीण स्वतःच आली. तोंडात वेल घेऊन ती त्याच्या दोन पायांमधून घरात शिरली. तेव्हा कुठे सगळे मळ्याकडे धावले. मळा राहिलाच नव्हता.

नुकसानभरपाई म्हणून डुकरीण सासऱ्याकडे राहिली. किपाँगचा चेहरा बघून सासऱ्याला गहिवरून आलं.

"मळा गेला तरी जावयाने शब्द काढला नाही! असा मान राखणारा जावई पंचक्रोशीत नाही."

किपाँगला तेवढंच बरं वाटलं.

"मेला मान!" सासू लेकीकडे वळली. "सांग तुझ्या नवऱ्याला, मळा दारासमोरच आहे. हा धिप्पाड गडी दारातून जरा बाजूला झाला असता, तर आम्हाला बसल्या जागी दिसलं असतं."