काचेआडचा डंपर

उल्हासनगरातल्या एका रुग्णालयात बालमानसशास्त्र विभाग आहे, आणि त्या विभागात खेळण्यांचं एक काचेचं कपाट आहे. लाकडी आगगाडी, बाहुलीघर, अस्वल, पिवळा डंपर, सगळी मिळून एकेचाळीस खेळणी. प्रत्येक खेळणं प्लास्टिकच्या पिशवीत, पायाला नंबराची चिठ्ठी. मुलांनी खेळावं आणि खेळता खेळता मनातलं बाहेर यावं, हा कपाटाचा उदात्त हेतू पाटीवर लिहिलेला आहे. त्याखाली दुसरी पाटी: 'हात लावू नये.'

सोमवारी राजसी तिथे इंटर्न म्हणून रुजू झाली. पहिलीच केस सहा वर्षांची किर्ती. बदलापूरपलीकडच्या गावातून आजी बनूबाई तिला घेऊन आली होती.

"हिच्या डोल्यांदेखत डंपरनं हिची आई नेली, बाय," बनूबाई म्हणाली. "चार महिनं झालं, पोर एक शब्द बोलत नाय."

किर्ती कपाटासमोर उभी राहून पिवळ्या डंपरकडे एकटक बघत होती. राजसीच्या पुस्तकात अशा वेळी काय करायचं ते स्पष्ट लिहिलं होतं. ती तडक भांडारपाल दिनानाथांकडे किल्ली मागायला गेली.

"मॅडम, खेळणी खेळून खराब होतात," दिनानाथ म्हणाले. "मागच्या तपासणीत अस्वलाचा एक कान कमी भरला. त्याचा खुलासा मी अजून देतोय."

"पण ती मुलांसाठीच आहेत ना?"

"आहेत ना. मग अर्ज करा. कुठलं खेळणं पाहिजे ते पेशंटने स्वतःच्या तोंडाने मला सांगायचं, असा नियम आहे. मागे एका इंटर्नने स्वतःलाच आवडते म्हणून बाहुली काढली होती."

"काका, ती बोलतच नाही. म्हणून तर आणलीय!"

"मग आधी बोलती करा. मी कुठे नाही म्हणतोय?"

मंगळवारी राजसीने डंपरचा फोटो काढून छापून आणला. किर्तीने तो दोन्ही हातांनी धरला. बुधवारी दिनानाथांनी फोटोवर बेचाळीस नंबर टाकला आणि तोही कपाटात ठेवला. राजसीला रडू आलं, पण दिनानाथ तेही कुठल्यातरी रजिस्टरात चढवतील या धास्तीने तिने ते गिळलं.

मग शनिवारी तपासणी असल्याचं पत्र आलं. कपाट उघडायचं आणि मुलं खेळताना दाखवायची, असा आदेश निघाला. विभागातली मुलं मात्र त्या कामाची नव्हती. एक चावायचं, एक रडायचं आणि किर्ती मूग गिळून बसलेली. म्हणून कर्मचाऱ्यांची धडधाकट मुलं बोलावली. हेडक्लार्कच्या सोहमला बजावलं, "खेळल्यासारखं कर. हात लावू नको."

शनिवारी साहेब आले. एकेचाळीस खेळणी टेबलावर होती आणि मुलं हाताची घडी घालून खेळत होती. "निगा उत्तम आहे," साहेब म्हणाले. दिनानाथांच्या डोळ्यांत पाणी आलं.

तेवढ्यात किर्ती आजीचा हात सोडून आत शिरली. तिने डंपर उचलला, दातांनी पिशवी टरकन फाडली आणि फरशीवर तो घर्रकन सोडला. मग ती धावत त्याच्या पुढे गेली, दोन्ही हात पसरले आणि ओरडली, "आई, बाजूला हो! गाडी येतेय!"

बनूबाई दारातच मटकन बसली. राजसी किर्तीला पोटाशी धरून हुंदके देऊ लागली.

"प्लास्टिक फाटलं," दिनानाथ म्हणाले.

चोर सोडून संन्याशाला फाशी, या न्यायाने खुलासा राजसीकडून मागवला. तरी तिने भीत भीत विचारलं, "काका, सोमवारपासून तिला रोज अर्धा तास डंपर मिळेल ना? आता कुठे सुरुवात झालीय. आता तर ती स्वतः मागेल."

"आता ती बोलते," दिनानाथ शांतपणे म्हणाले. "मग खेळणं कशाला?"

त्यांनी डंपर नव्या पिशवीत घातला आणि किल्ली फिरवली. काचेला नाक लावून किर्ती पुन्हा गप्प उभी होती.

अंबरनाथ पूर्वेला घरी आल्यावर राजसीने दिनानाथांच्या नावाने खडे फोडले. आईनेही "माणसं आहेत की कोण!" म्हणून साथ दिली. बोलता बोलता राजसीने हॉलमधलं शोकेस उघडलं. तिच्या स्वतःच्या तिसऱ्या वाढदिवसाची बाहुली अजून खोक्यातच होती. तिने हात पुढे केला.

"ठेव गं ती, नवीन आहे," आई म्हणाली.

दिनानाथांचा राग तुम्हालाही आलाच असेल. तुमच्या शोकेसची किल्ली कोणाकडे असते?