चौदाव्या मजल्यावरची चक्कर

दिनानाथ सामंतांचा विरारच्या चौदाव्या मजल्यावरच्या फ्लॅटवर पोटच्या मुलाइतकाच जीव होता, किंबहुना थोडा जास्तच. २००८ सालच्या त्या जुलैत दोन दिवस समुद्रावरून वारा घोंघावत होता आणि इमारत हळूच डोलत होती. इमारत मुळीच हलत नाही, असं दिनानाथरावांचं मत होतं. त्यांच्या मताविरुद्ध घरात काही हलायची पद्धत नव्हती.

नेमके दुसऱ्या दिवशी दुपारी गोखिवऱ्याहून क्षितिजाचे आईवडील बोलणी करायला आले. क्षितिजा आणि दिनानाथरावांचा संकेत यांचं चार वर्षांपासून जमलेलं. दोन्ही घरांना इथवर आणताना संकेतचे केस पिकायचेच बाकी होते. आता फक्त सुपारी फुटायची होती.

पोह्यांचा दुसरा घास घेताना क्षितिजाच्या आईने, सुनंदाबाईंनी, सोफ्याचा हात घट्ट धरला. "मला गरगरल्यासारखं होतंय," त्या म्हणाल्या.

"बीपी असेल," दिनानाथराव लगेच म्हणाले.

बीपी नाही, असं सुनंदाबाईंनी सांगून पाहिलं. मग दिनानाथरावांनी साखरेची शंका काढली, थायरॉईडची काढली. शेजाऱ्यांचं यंत्र आणून बीपी मोजलं. ते व्यवस्थित निघालं, तेव्हा यंत्रच बिघडलंय असं ठरलं. आडवं केल्यावर तर सुनंदाबाईंना जास्तच फिरायला लागलं. त्यांचे यजमान रमेशराव घामाघूम झाले. बायकोला एवढे आजार असल्याचं त्यांना आजच कळत होतं.

दिनानाथरावांनी संकेतला स्वयंपाकघरात ओढलं. आपणच काढलेल्या आजारांवर आता त्यांचा पुरता विश्वास बसला होता. "घराण्यातच काहीतरी आहे. उद्या मुलीलाही होणार. सगळ्या तपासण्या होईपर्यंत सुपारी नको."

 संकेतने ओट्याला टेकून उभ्या असलेल्या आईकडे पाहिलं. विनयाबाईंनी ओट्याची कड आणखी घट्ट धरली. तो तडक बाहेर गेला.

"काकू, तुम्हाला काही झालेलं नाही. ही बिल्डिंग हलते."

 दिनानाथराव दारातच थिजले. सुनंदाबाई मात्र ताडकन उठून बसल्या. आपण ठणठणीत आहोत या आनंदात त्यांनी सुपारी आजच फोडायची म्हणून सांगितलं. अट एकच: लग्नानंतर दर पावसाळ्यात दोघांनी गोखिवऱ्याला, त्यांच्या तळमजल्यावरच्या घरात राहायचं.

"मुलगा सासरी राहणार?" दिनानाथराव कसेबसे म्हणाले आणि आधारासाठी त्यांनी बायकोकडे पाहिलं.

मृग लागल्यापासून विनयाबाई या घरात भिंत धरून चालत होत्या. त्यांनी पदराला हात पुसले आणि सुनंदाबाईंच्या शेजारी जाऊन बसल्या.

"विहीणबाई, तुमच्याकडे आणखी एक खोली निघेल का हो?"