सतरा नंबरचा बिल्ला

रबरी पोशाखात शिरायला पावतीकाकांना बावीस मिनिटं लागली. शिरून झाल्यावर कळलं की आधी सदरा काढायचा असतो, आणि चष्मा सदऱ्याच्या खिशात आहे. मग सगळं सोलून पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं. होडीतली बाकीची मंडळी सभ्य होती, त्यांनी समुद्राकडे बघून घेतलं.

समुद्राच्या तळाशी जाऊन प्रवाळ बघायची हौस काकांना मुळीच नव्हती. ही दूरदेशी राहणाऱ्या मुलाने दिलेली वाढदिवसाची भेट. "बाबा, घरात बसून बसून बुरशी येईल तुम्हाला," असं म्हणून त्याने पैसे भरूनही टाकले होते. मुलगा दर रविवारी फोन करी, सात मिनिटं. तीन वर्षांपूर्वी बायको गेल्यापासून आठवड्यात त्यांच्याशी कोणी बोलत असेल तर ती ही सात मिनिटं. शेजारी होता, पण त्याने बारा वर्षांत दोनदा "नवीन राहायला आलात का?" असं विचारलं होतं. त्याचीही चूक नव्हती. काकांचा चेहराच तसा होता, बघितला की विसरावा.

काकांनी चौतीस वर्षं बसच्या आगारात 'हरवले-सापडले'च्या खिडकीवर काढली होती. छत्री असो, डबा असो नाहीतर कुणाची कवळी, पावतीशिवाय त्यांनी कुणाच्या हाती काही दिलं नाही. पावतीकाका हे नाव तिथलंच. लोक छत्रीसाठी रडत येत, मिळाली की हसत जात. खिडकीतल्या माणसाकडे मात्र कोणी वर बघत नसे.

होडीत एक लाकडी फळी होती, तिच्यावर खुंट्या आणि खुंट्यांवर पितळी बिल्ले. पाण्यात जाताना आपला बिल्ला घ्यायचा, वर आलं की परत लावायचा. खुंटी रिकामी म्हणजे माणूस पाण्यात. हे सगळं पाण्याखाली पोहायला शिकवणाऱ्या बाईंनी नीट समजावून सांगितलं. त्यांना सगळे ताई म्हणत. काकांच्या वाट्याला सतरा नंबर आला. "पाण्याखाली प्रत्येकाला जोडीदार लागतो," ताई म्हणाल्या. "तुमची जोडीदार मी. माझा हात सोडायचा नाही."

काकांनी तो सोडला नाहीच. खाली निळा उजेड होता, फांद्याफांद्यांचं प्रवाळ होतं, आणि एका गुहेचं काळं तोंड होतं. नवख्यांनी गुहेत शिरायचं नाही, असं ताईंनी बोट हलवून बजावलं. आगाराच्या जुन्या व्यवस्थापकासारखा तोंड पाडलेला एक जाडा मासा अगदी जवळ आला, तेव्हा काकांचा मोकळा हात सवयीने कपाळाकडे गेला. त्यांना हसू आलं. तीन वर्षांत कोणी त्यांचा हात इतका वेळ धरला नव्हता, आणि वीस मिनिटं फार लवकर संपली.

ताईंनी त्यांना शिडीपाशी आणून सोडलं आणि दुसऱ्याला घेऊन त्या पुन्हा खाली गेल्या. काका वर चढले आणि तिथेच घोटाळा झाला. फळीपाशी कोणीच नव्हतं. नावाडी तोंडावर टोपी घेऊन घोरत होता. नंबर घातलेली वस्तू बेवारस खुंटीवर टांगून जायचं? चौतीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी असला प्रकार केला नव्हता. बिल्ला जबाबदार माणसाच्या हातात द्यायचा आणि सही घ्यायची, ही रीत. उद्या होडीवाल्यांच्या कचेरीत देऊ, असं ठरवून कपडे बदलल्यावर त्यांनी तो सदऱ्याच्या खिशात जपून ठेवला. तेवढ्यात पोटात ढवळायला लागलं. शेजारची होडी किनाऱ्याकडे निघाली होती, तिच्यात ते चढले. जाताना नावाड्याला "मी येतो हो" असं सांगायला विसरले नाहीत. नावाड्याने माशी हाकलावी तसा हात हलवला.

लॉजवर ते दोन तास झोपले. चहासाठी खाली उतरले तर धक्क्यावर ही गर्दी. कोणीतरी म्हातारा गुहेत अडकलाय म्हणे, पाच होड्या शोधतायत. काकांना फार वाईट वाटलं. "घरचे काय म्हणतील बिचाऱ्याच्या," ते म्हणाले आणि गर्दीत पुढे सरकले.

पुढे बाकावर एक हवालदार हरवलेल्या इसमाचा अर्ज भरत होता. त्याचं ते कोंबडीच्या पायांचं अक्षर बघून काकांना राहवेना. अर्ज म्हणजे त्यांचा जीव की प्राण. "आणा इकडे," म्हणून त्यांनी कागद ओढून घेतला आणि एकेकाला विचारायला सुरुवात केली. नावाडी म्हणाला, माणूस धिप्पाड होता. होडीतल्या एका गृहस्थांना तो टकला आठवत होता. त्यांची बायको ठामपणे म्हणाली की त्याच्याबरोबर त्याची बायकोही होती. काकांनी सगळं निमूटपणे लिहून घेतलं. लोकांना आपली छत्रीसुद्धा धड सांगता येत नाही, माणूस कुठून सांगणार?

ताई बाकाच्या टोकाला गुडघ्यात डोकं घालून बसल्या होत्या. तीन वेळा गुहेत जाऊन आलेल्या, केस अजून निथळत होते.

"विशेष खूण?" काकांनी विचारलं.

"खूण नाही," ताई वर न बघता म्हणाल्या. "माझा हात घट्ट धरला होता त्यांनी. एका माशाला सलाम केला. चढताना मी थांबायला हवं होतं. सतरा नंबर अजून रिकामा आहे."

काकांचा हात खिशाकडे गेला. बिल्ला तिथेच होता.

आता लगेच सांगायला हवं होतं, हे त्यांना कळत होतं. पण जीभ उचलेना. पाच होड्या आणि धक्काभर माणसं, सगळी त्यांच्यासाठी. बेवारस वस्तूला नव्वद दिवसांची मुदत, मग लिलाव, हा नियम त्यांना पाठ होता. आपली मुदत केव्हाच टळली, असंच ते तीन वर्षं धरून चालले होते. आणखी थोडं ऐकावं, एवढाच त्यांना मोह झाला. लाजही वाटली.

"अर्जदाराचं नातं?" त्यांनी पुढचा रकाना विचारला. आवाज जरा फाटलाच.

"जोडीदार," ताई म्हणाल्या. "परवाना जायचा तर जाऊ दे. माणूस मिळू दे."

तेवढ्यात हवालदाराचा फोन वाजला. कचेरीने मुलाला कळवलं होतं. हवालदाराने फोन मोठ्या आवाजावर टाकून अर्जाशेजारी ठेवला.

"डाव्या कानामागे तीळ आहे," मुलगा रडत सांगत होता. "बसताना आधी खिसे चाचपतात. चहा बशीत ओततात, पण पितात कपातूनच. मीच पाठवलं हो त्यांना. एकटे पडलेत म्हणून पाठवलं. लिहिताय ना सगळं?"

काकांना पुढचं अक्षर दिसेना. त्यांनी पेन खाली ठेवलं, बिल्ला काढला आणि अर्जावर ठेवला.

"लिहितोय रे," ते म्हणाले. "वस्तू सापडली आहे."

ताईंनी मान वर केली. आधी बिल्ला बघितला, मग काकांचा कान. मग जे सुरू झालं ते लॉजच्या वरच्या मजल्यापर्यंत ऐकू गेलं. एका बाजूने ताई, दुसऱ्या बाजूने फोनमधून मुलगा. अक्कल आहे का, वय काय, जीव टांगणीला लावला, खुंटी दिसत नव्हती का. बायको गेल्यापासून त्यांना असं कोणी झापलं नव्हतं. मध्येच कोणीतरी चहा आणून दिला.

हवालदाराने वैतागून अर्ज पुढे ओढला. "शेवटचा रकाना राहिलाय. ताब्यात कोणाच्या दिलं?"

"माझं नाव लिहा," ताई म्हणाल्या. "उद्यापर्यंत नजरेआड होऊ देणार नाही."

"माझं लिहा," फोन म्हणाला. "मी परवा पोचतोय."

हवालदाराने काकांकडे बघितलं. काकांनी घसा साफ केला. नियम पाठच होता. एका वस्तूवर दोघांचा दावा आला, तर तो मिटेपर्यंत वस्तू जागची हलवायची नाही.

काकांनी चहा बशीत ओतला आणि ते बाकावर नीट सरसावून बसले.