मोरचूद न घातलेली खळ

कमलाकररावांनी आयुष्यात पहिल्यांदाच छाती ठोकून वाक्य उच्चारलं, "रविवारच्या आत गाडीचा हा पंखा मी स्वतः दुरुस्त करतो!"

त्यांच्या पत्नी रत्नप्रभाबाईंनी पोळपाट सोडून त्यांच्या कपाळाला हात लावला. ताप नव्हता.

फोनवर पुण्याहून मुलगा मंदार होता. "बघा हं बाबा! रविवारी येतो. चारही नंबरवर पंखा चालला तर गाडी तुमची. नाहीतर विकून टाकू."

यवतमाळच्या एका वाचनालयात कमलाकररावांनी चौतीस वर्षं ग्रंथपाल म्हणून काढली. मुदत टळलेलं पुस्तक परत मागतानाही ते म्हणत, "वाचून झालं नसेल तर राहू द्या." त्यांच्या जुन्या गाडीच्या हीटरचा पंखा मात्र मालकावर गेला नव्हता. एक, दोन, तीनवर तो मढ्यासारखा पडून राही आणि चारवर वरातीतल्या घोड्यासारखा उधळे! डिसेंबरच्या धुक्यात काच स्वच्छ ठेवायची तर चार नंबर लावावाच लागे. मागच्या गुरुवारी त्यात शेजारी बसलेल्या रहेमानची टोपी उडाली, आणि ती पकडताना गाडी थेट कपाशीच्या शेतात शिरली. ही बातमी पुण्याला कोणी पोचवली, हे कमलाकररावांनी पत्नीला विचारलं नाही. विचारायचं धैर्य नव्हतं.

गाडी गेली म्हणजे गुरुवार गेला. रहेमान वाचनालयाचा जुना बाइंडर. काचबिंदूने त्याची नजर जवळजवळ संपली होती. त्याची बायको सुग्राबी घाटंजीच्या कब्रस्तानात होती. दर गुरुवारी कमलाकरराव त्याला तिथे नेत. रहेमान आत फुलं ठेवी. कमलाकरराव फाटकाशी उभे राहून, आपण आत जावं की नाही, याचा विचार करत. तीन वर्षं झाली, ठरत नव्हतं.

त्यांनी गाडीचं माहितीपुस्तक तीनदा वाचलं, टिपणं काढली. वेग कमी करणारा एक चिमुकला भाग असतो, रेझिस्टर. तो जळला की शेवटचा वेग तेवढा उरतो! ते दुकानात गेले आणि सगळ्या गिऱ्हाइकांच्या मागे उभे राहिले. शेवटी दुकानदारच म्हणाला, "काका, तासभर कोणाची वाट पाहून राह्यले?"

सोमवारी तो भाग बसला. एक! दोन! तीन! चार! कमलाकररावांच्या डोळ्यांत पाणी आलं. पण खोलताना पंख्याभोवतीची फोमची पट्टी भुगा होऊन हातात आली होती.

"कायले घाबरता, बाबू?" रहेमान म्हणाला. "हे त पुस्तकाची पाठच झाली. कापडाची पट्टी अन् कणकेची खळ! डोळे गेले, बोटं हायेत ना माही."

खळ शिजली. रहेमानने सवयीने मोरचुदाची पुडी काढली.

"मोरचूद नको," कमलाकरराव म्हणाले. "विष आहे. ती हवा आपल्या नाकात जाणार."

"मोरचूद नाही टाकलं त उंदीर खातात, बाबू."

"गाडीत कुठले उंदीर!"

आयुष्यातला दुसरा ठाम निर्णय. तोही त्याच आठवड्यात.

गुरुवारी पंखा एक नंबरवर मंद चालला. टोपी जागच्या जागी. वीसेक किलोमीटर गेल्यावर रहेमानने नाक वर केलं. "कोणाच्या तरी घरी पोळी करपून राह्यली."

आणखी दहा किलोमीटरवर कमलाकरराव म्हणाले, "अजूनही वास येतोय रे."

"मोठा सैपाक असन."

परतताना कमलाकररावांनी पंखा लावलाच नाही. न पाहिलेलं वाईट हे निदान निम्मंच वाईट असतं, असं त्यांचं मत होतं.

रविवारी मंदार गाडीत बसला. एक नंबर. काही नाही. दोन. काही नाही. तीन. अंगणात इतकी शांतता, की रत्नप्रभाबाईंच्या बांगड्या ऐकू आल्या.

"चार बघ," कमलाकरराव पुटपुटले.

चारवर आधी खरखर झाली. मग डॅशबोर्डमधून कापूस निघाला! थोडाथोडका नाही, जिनिंग गिरणीचा दरवाजा उघडावा तसा! मंदारच्या केसांवर, मिशांवर, कॉलरवर. त्यातून तीन गुलाबी पिल्लं अलगद त्याच्या मांडीवर उतरली.

"अगं आई गं!" मंदार दार न उघडताच बाहेर पडायला निघाला.

"माझी पाहुण्यांची गादी!" रत्नप्रभाबाई ओरडल्या. "तरी म्हणलं, रोज पातळ काहून होऊन राह्यली!"

मंदारने डॅशबोर्डखालचा पंख्याचा खण उघडला. कापडाची पट्टी चाटूनपुसून साफ होती, खळीचा कण नाही. कापूस पंख्यात ठासलेला. हवा कोंडून नवा भागही जळला होता.

"बाबा, तुम्ही उंदरांना जेवण दिलंत, अंथरूण दिलंत, वर हीटर दिलात!"

"अंथरूण आईचं होतं," कमलाकरराव खालमानेने म्हणाले.

मंगळवारी गाडी गेली. पिल्लांना रत्नप्रभाबाईंनी उरलेल्या गादीसकट न्हाणीमागच्या कोपऱ्यात ठेवलं होतं. त्यांची आई त्यांना घेऊन गेली. अंगणात तेलाचा डाग तेवढा उरला.

गुरुवारी सकाळी सातच्या घाटंजी एसटीत दोघं म्हातारे अंग चोरून बसले. खिडकीची काच अर्धी येऊन अडकली होती. गार वारा थेट तोंडावर. एकच वेग, चार नंबरचा. रहेमानने टोपी दोन्ही हातांनी धरली आणि खिडकीची फट बोटांनी चाचपली.

"बाबू, एक कापडाची पट्टी अन् जराशी खळ असती त..."

कमलाकररावांनी मागेपुढे पाहिलं. कंडक्टर लांब होता.

"पुढच्या गुरुवारी आण," ते हळूच म्हणाले. "पण मोरचूद टाकून!"