पाणी न पिणारे बंकटराव

आमचे साडू बंकटराव पाणी पीत नाहीत. तहान लागली की सोडा, जेवताना सोडा, जेवल्यावर सोडा आणि डोकं दुखलं तर गोळीसुद्धा सोड्याबरोबर. सकाळी चूळ तेवढी पाण्याने भरतात, तीही अशा चेहऱ्याने, की जणू पाण्यावर उपकारच चाललेत.

"पाणी धुवायला, सोडा प्यायला. बराबर?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. त्यातलं "बराबर?" हे उत्तरासाठी नसतं, तुम्ही मान हलवावी म्हणून असतं. आणि लोक हलवतात. माझ्या सासरची तर सगळी माणसं हलवतात. माझं दुखणं तिथूनच सुरू होतं.

मी अंबडला जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. बायको सुनंदा जाफराबादची. तिची थोरली बहीण शकुंतला बंकटरावांना शहागडला दिलेली होती. शकुंतला तापाने गेली आणि त्यानंतर दोनेक वर्षांनी माझं लग्न झालं. म्हणजे मी त्या घरात जावई म्हणून पाऊल ठेवलं तेव्हा घरात एक जावई आधीच बसलेला होता, आणि तो काही उठायला तयार नव्हता. बंकटरावांना मूलबाळ नाही, दुसरं लग्न त्यांनी केलं नाही. शहागडला हायवेवर ट्रकवाल्यांना ताडपत्री आणि दोरखंड विकायचं त्यांचं दुकान आहे. सणावाराला ते दुकान बंद करून सरळ सासुरवाडी गाठतात.

माणसाचं मन कसं असतं बघा. बायको गेलेल्या माणसाबद्दल कोणालाही कळवळा वाटेल. मलाही वाटला असता. पण आमच्या सासूबाईंनी मला तशी संधीच दिली नाही.

धोंड्याच्या महिन्याची गोष्ट सांगतो. जावयाला आणि लेकीला जोडीने बोलावून जेवू घालायचं, कपडे करायचे, अशी आपली पद्धत. आम्ही जोडीने गेलो. बंकटराव एकटेच आले. तरी पहिला पाट त्यांचा. मी मनाशी म्हटलं, असू दे, वयाने मोठे आहेत. मग बघतो तर त्यांच्या पाटाशेजारी बादली, बादलीत बर्फ आणि बर्फात सोड्याच्या बाटल्या. सासूबाईंनी बर्फ बाजारातून आणवला होता.

माझ्या ताटाशेजारी तांब्या होता. रिकामा.

"मामी, जरा पाणी..." मी म्हटलं.

"हो हो, आणते. बंकटराव, तुमचा जिरा सोडा संपला का? अरे प्रकाश, जल्दी जा, चौकातून आण."

प्रकाश म्हणजे माझा मेव्हणा. तो जेवता जेवता उठला, हात धुतला, मोटारसायकलला किक मारली आणि गेला. धोंड्याचा घास माझ्या घशात अडकलेला. शेवटी सुनंदाने स्वतःच्या पेल्यातलं पाणी माझ्याकडे सरकवलं. तिकडे बंकटरावांनी ढेकर दिली. त्यांची ढेकर साधी नसते. ती पोटातून निघते, छातीशी थोडी थांबते आणि मग अशी बाहेर येते की ओसरीवरची मांजर उठून बसते. सासरे कौतुकाने म्हणाले, "जेवण अंगी लागलं!" मी एकदा तशी ढेकर दिली होती, तेव्हा सुनंदाने माझ्याकडे बघून डोळे मोठे केले होते.

बरं, मी पाण्याचा भक्त. सकाळी तांब्याच्या भांड्यातलं, दुपारी माठातलं, शाळेत पिशवीत स्वतःची बाटली. पोरांना मी वर्गात शिकवतो की पाणी हेच जीवन. आणि तरीही मुतखडा झाला मला. जालन्याच्या दवाखान्यात मी पोट धरून आडवा पडलो होतो आणि बंकटराव भेटायला आले. हातात पिशवी. वाटलं, शहाळं असेल. सोडा होता, स्वतःसाठी.

"गुरुजी, इतकं पाणी पिऊन खडाच केला की हो तुम्ही!" शेजारच्या खाटेवरचा पेशंटसुद्धा हसला. "आमच्याकडं बघा. पाण्याला शिवून न्हाई राह्यलो, अन् एक गोळी न्हाई चालू आपल्याला. बराबर?"

शेजारच्या पेशंटने मान हलवली.

खरंच त्यांना काही होत नव्हतं. गावात तपासणीचं शिबिर झालं तर त्यांचं सगळं चोख, आणि माझा रक्तदाब काठावर. मी रात्रंदिवस वाट बघत होतो असं म्हणवत नाही, पण वर्तमानपत्रात सोड्यावर काही छापून आलं की मी ते कापून ठेवायचो, एवढं खरं.

मग हळूहळू सुरुवात झाली. पूर्वी ते गोटीचा साधा खारा सोडा प्यायचे. पुढे बाजारात जिऱ्याचा आला, संत्र्याचा आला, सगळे गोड. बंकटराव त्यांच्यावर गेले. पोट सुटलं. पुढचे दात झिजून धारदार झाले, भाकरीचा पापुद्रा चावताना डोळ्यांत पाणी यायचं. पाय बधिर व्हायला लागले. आणि एका दुपारी दुकानात ताडपत्रीची घडी घालता घालता ते तिच्यावरच कोसळले. शेजारी सोड्याची गाडी लावणाऱ्या रशीदचाचांनी त्यांना रिक्षात घालून दवाखान्यात नेलं.

जालन्याला मोठ्या डॉक्टरांकडे मीही सोबत होतो. डॉक्टरांनी रिपोर्ट पाहिले आणि विचारलं, "पाणी किती पिता?"

"पाणी धुवायला, डॉक्टरसाहेब."

डॉक्टरांनी मान हलवली नाही. बंकटरावांपुढे मान न हलवणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला. ते म्हणाले, "साखर वाढली आहे, बीपी वाढलंय. या गोड सोड्यात साखर किती असते माहीत आहे? वर मीठ. त्यातल्या आम्लानं दात गेले. पोटात गॅस धरतो तो वेगळाच. साधा सोडा कधी हौसेनं घेतला तर समजू शकतो, पण पाण्याच्या जागी तो चालणार नाही. आजपासून बंद."

मला आनंद व्हायला हवा होता. पण झालं काय, की त्यांना तिथेच दाखल करून घेतलं आणि संध्याकाळपर्यंत जाफराबादहून जीप भरून माणसं आली. सासरे, सासूबाई, प्रकाश, चुलतसासरे, त्यांच्या सुना. माझ्या मुतखड्याला फक्त फोन आला होता. सासूबाई बंकटरावांच्या उशाशी बसून डोळ्यांना पदर लावत होत्या आणि मी दाराशी उभा राहून विचार करत होतो, की या माणसाचं आजारपणसुद्धा माझ्या आजारपणापेक्षा वरचढ निघालं.

तेवढ्यात सासूबाई माझ्याकडे वळल्या. "गुरुजी, तुम्ही शिकलेले. पाण्याचं तुम्हालाच कळतंय. तुम्हीच सवय लावा त्यांना."

इतक्या वर्षांत त्या घराने पहिल्यांदा मला काम सांगितलं होतं. दिवाळीच्या सुट्टीत मी एसटीने शहागडला गेलो. मनात म्हटलं, आता बघतोच.

मी त्यांच्या घरी त्यापूर्वी कधी राहिलो नव्हतो. दुपारी आम्ही दोघे दुकानातून निघालो. दाराला कुलूप. त्यांनी कुलूप काढलं, चपला काढल्या. घर झाडलेलं, भांडी पालथी घातलेली. स्वयंपाकघरात माठ होता. मला वाटलं होतं कोरडा ठणठणीत असेल. पण माठाला ओलं फडकं गुंडाळलेलं, वर झाकण, झाकणावर घासलेला पेला. आत पाणी काठोकाठ.

"हे कोणासाठी?" मी विचारलं.

"रोज भरतो. जुनी सवय."

"मग प्या की. तहान लागली नाही का?"

ते माठासमोर पाटावर बसले. पेला उचलला, परत ठेवला.

"शकू होती तवा," ते माठाकडे बघतच म्हणाले, "मी दुकानातून आलो की दारातच तांब्या घेऊन उभी राहायची. 'घ्या' म्हणायची. बस, एवढंच. ती गेली, सगळे सोयरे गेले, अन् मी दुकान उघडलं. दुपारी घरी आल्तो, कुलूप काढलं, माठातून हातानं पाणी घेतलं. घशाखाली उतरंना गुरुजी. ठसका लागला. तसाच दुकानाकडं परत आलो. चाचानं बघितलं. काही विचारलं न्हाई त्यानं. बाटली फोडली, हातात दिली, म्हणला, 'लो बंकटसेठ, पियो.' ती उतरली."

पेला झाकणावर नीट ठेवत ते म्हणाले, "लोकान्ला काय सांगणार? मंग म्हणायला लागलो, पाण्यात काय ठिवलंय."

मी उठलो, माठातून पेला भरला आणि त्यांच्यासमोर धरला.

"घ्या," मी म्हणालो.

त्यांनी घेतला. एका दमात प्याले. हनुवटीवरून ओघळलेलं पाणी बाहीने पुसलं आणि रिकामा पेला परत माझ्यापुढे केला. मी पुन्हा भरला.

सुट्टी संपेपर्यंत मी तिथे राहिलो. मी गेल्यावर पेला हातात कोण देणार, हा प्रश्न दोघांनाही माहीत होता. दुकानावर चाचा होते. सोड्याऐवजी पाण्याचा पेला हातात द्यायचं त्यांनी आनंदाने कबूल केलं. पण दुपारी घरी? निघताना एसटीत पाय ठेवता ठेवता मी म्हटलं, "माझी मधली सुट्टी तुमच्या जेवणाच्या वेळेलाच असते. फोन करत जाईन."

तेव्हापासून मधल्या सुट्टीत मी शाळेच्या व्हरांड्यात उभा राहून फोन लावतो. बंकटराव पेला भरून तयार असतात. मी "घ्या" म्हणतो. पलीकडून घोट ऐकू येतात. मग आम्ही पावसाचं, दुकानाचं, साखरेच्या गोळ्यांचं बोलतो. दात काही परत यायचे नाहीत, पण साखर उतरतेय. ढेकर अजून येते, पण आता अगदीच किरकोळ.

परवा फोन लावला तर एंगेज. परत लावला, परत एंगेज. सुट्टी संपत आली, पोरं रांगेत उभी राहायला लागली. शेवटी लागला.

"कोणाशी बोलत होता एवढं?" मी विचारलं.

"मामींचा फोन आल्ता. त्यान्ला सुनंदानं सांगितलं जणू. त्या बी म्हणल्या, पाणी घ्या."

हे काम माझं होतं. त्या घराने मला दिलेलं एकुलतं एक काम.

"मग? घेतलं तुम्ही?" माझा आवाज चढला होता. रांगेतली दोन पोरं वळून बघायला लागली.

"न्हाई ना," बंकटराव म्हणाले. "हो म्हणलो अन् भरून ठिवलं बाजूला. तुमचा यायचा होता."

घंटा झाली. मी पोरांकडे पाठ केली.

"घ्या," मी म्हणालो.