हिमनदीचा धोंडा आणि मंजूरचा शिक्का

"लिहून ठेव दीक्षा! रविवारी बारा वाजेपर्यंत माझी करमाळ्याची बदली रद्द!"

शुक्रवार पेठेतल्या दीड खोलीत यशपाल असा गरजला, जणू बदलीचं खातं सासऱ्यानंच काढलं होतं! गरजताना हात मात्र काव्याच्या वेण्या घालत होते. दीक्षा दवाखान्यात नर्स, सकाळी सहालाच घराबाहेर. बाप करमाळ्याला गेला तर चार वर्षांच्या पोरीचं कोण बघणार? यशपालनं कचेरीत हेही सांगून पाहिलं. बदलीच्या नियमात वेण्या बसत नाहीत म्हणे!

आता योजना ऐका. बदली रद्द करणं ज्यांच्या हातात, ते यशपालचे वरिष्ठ सिद्धलिंगप्पा साहेब परदेशात मुलाकडं राहून आले आणि येताना एक खूळ घेऊन आले. लेटरबॉक्सिंग! कुठंतरी डबा लपवायचा, आत वही आणि शिक्का ठेवायचा. दुसऱ्यानं चिठ्ठीवरून तो हुडकायचा, वहीत शिक्का मारायचा आणि लॉटरी लागल्यासारखं नाचायचं. तिकडं म्हणे बर्फानं ढकलत आणलेल्या घराएवढ्या दगडाखाली डबा होता. साहेबांना तसलाच दगड सोलापुरात हवा!

"आहे की साहेब!" यशपाल म्हणाला. "शहराबाहेर माळावर हत्तीएवढा धोंडा हाय. हिमनदीनंच आणलाय!"

जिथं मे महिन्यात सरडासुद्धा सावली बघून पाय टाकतो, तिथं हिमनदी! पण बदली टाळायची म्हटल्यावर माणूस भीमा नदीसुद्धा गोठवतो.

गुरुवारी यशपालनं बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात वही आणि शाईचं पॅड घातलं. नवा शिक्का करायला रबरवाला चार दिवस मागत होता. म्हणून कचेरीतलाच एक उचलला. कुठला? ज्याची कुणाला आठवण येणार नाही असा. 'मंजूर'! नामंजूरचा शिक्का झिजून टकला झाला होता. मंजूरच्या रबरावर अजून दुकानातली पावडर होती. डबा धोंड्याखालच्या सांदीत सरकवून तो शीळ घालत घरी आला.

रविवारी साहेब गोल टोपी घालून माळावर उतरले. हातात चिठ्ठी. "'जिथे हिम थांबले, तिथे वाकून पाहा.' वा यशपाल!" आणि ते जागीच थबकले.

धोंड्यापुढं चाळीस माणसांची रांग! मेंढरं वेगळी.

"येन्री हे? काय चाललंय?" साहेब ओरडले.

धोंड्याच्या सावलीत केराबाई नावाची म्हातारी घोंगडं टाकून बसली होती. पुढ्यात डबा, हातात शिक्का. शेजारी तिचा लेक बिरदेव वहीत एकेकाचं नाव लिहून घेत होता.

"आजी, हा डबा..." यशपाल पुढं वाकला.

"सरकारी हाय. परवा मेंढरं चारताना घावला," केराबाई म्हणाली. "तीन वर्सं शेळ्यांच्या शेडचा अरज घिऊन हिंडले. दर बारीला कचेरीतली म्हनायची, मंजूरचा शिक्का न्हाय. आसंल कसा? धोंड्याबुडी दडवून ठिवला व्हता की भाड्यांनी!"

कचेरी शिक्का दगडाखाली दडवते, याचं रांगेतल्या एकालाही नवल वाटलं नव्हतं. एवढी अब्रू कमवायला कचेरीला पन्नास वर्षं लागतात!

साहेब तरातरा पुढं निघाले.

"ओ टोपीवाले! नंबरात या!" रांग गरजली.

तेवढ्यात कुणीतरी ओळखलं. "आरं, कचेरीतला सायेब हाय ह्यो! सह्या द्याला सोता आलाय!"

झालं! साहेबांपुढं कागदांची चळत. शेड, विहीर, गोठा, घरकुल. साहेबांचं तोंड नाही नाही म्हणत होतं, पण हाताचं काय? शिक्का दिसला की मजकूर न वाचता खाली सही ठोकायची, ही त्या हाताची बावीस वर्षांची सवय! कागद धोंड्याला टेकवून साहेब सुटले. एकीनं ताक आणून दिलं, एकानं पाय धरले. कामाबद्दल शिवी सोडून काही मिळण्याची साहेबांची पहिलीच वेळ. ते फुलले!

यशपाल बघत राहिला. वाचत नाहीत! साहेब वाचतच नाहीत! त्याच्या खिशात बदली रद्द करण्याचा अर्ज होता. फक्त शिक्का हवा!

"आजी, एवढ्या कागदावर मारा की!"

"मागं व्हा. नंबर लावा."

दीड तास तो उन्हात उभा राहिला. शेवटी एकदाचा नंबर आला. केराबाईनं कागद बिरदेवकडं सरकवला. बिरदेवनं बोट ठेवून मोठ्यानं वाचलं, "राहणार शुक्रवार पेठ, सोलापूर."

"म्हंजी आपल्या गावचा न्हाय?"

"नाही आजी, पण लहान पोरगी आहे हो माझी. तिच्या वेण्या..."

"येण्यांचं न्हाय इचारलं. ह्या गावचा रहिवासी दाखला हाय का?"

"अहो, हा डबा मीच ठेवलाय! मी त्याच कचेरीत कारकून आहे!"

"मग तुमाला तर नियम पाठच पायजे की!"

यशपालनं रडवेल्या डोळ्यांनी साहेबांकडं पाहिलं. साहेबांनी ताकाची मिशी पुसली, पेनाला टोपण लावलं.

"बाईंचं बरोबर आहे, यशपाल. दाखल्याशिवाय मीसुद्धा सही करत नसतो."

त्या दिवशी हिमनदीच्या धोंड्यापाशी एकूण एक्केचाळीस अर्ज आले. चाळीस जागेवर मंजूर झाले. एक्केचाळिसावा सोमवारी सकाळच्या एसटीनं करमाळ्याला रुजू झाला.